नापास झालेला मेंडेल आणि जीवशास्त्राचं ऑलिंपियाड

आजचा विषय आहे जीवशास्त्र ऑलिंपियाड. इतिहासाच्या व्याख्यानात परीक्षेबद्दल काय बोलणार, असं काहींना वाटेल. पण बघा, एखाद्या काळाला ज्ञान म्हणजे काय वाटत होतं हे शोधायचं असेल, तर त्या काळची प्रश्नपत्रिका हातात घ्यावी. पुस्तकात सगळंच असतं. त्यातलं विचारण्यासारखं काय, हे प्रश्नपत्रिका सांगते.

म्हणून सुरुवात एका नापास उमेदवारापासून करतो.

साल १८५०. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात मोराव्हिया नावाचा प्रांत आहे, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पूर्वेकडचा भाग. तिथल्या ब्रनो शहरातल्या मठाचा २८ वर्षांचा एक साधू झ्नॉयमो गावच्या शाळेत बदली शिक्षक म्हणून काम करतोय. कायम शिक्षक व्हायचं तर व्हिएन्नाला जाऊन परीक्षा द्यावी लागते. तो जातो. भौतिकशास्त्रात ठीक करतो, पण भूशास्त्र आणि प्राणिशास्त्रात त्याची गाडी अडते. प्राणिशास्त्राच्या पेपरात सस्तन प्राण्यांचं वर्गीकरण आणि त्यांचे माणसाला होणारे उपयोग विचारले होते. याने प्राण्यांची नावं रोजच्या बोलीतली लिहिली आणि गटही स्वतःच्या डोक्याने पाडले. परीक्षकांची तक्रार अशी होती की उमेदवाराला परिभाषा येत नाही, मनाला येईल तो शब्द वापरतो. निकाल, नापास.

हा उमेदवार म्हणजे ग्रेगोर मेंडेल. १८५६ मध्ये तो पुन्हा परीक्षेला बसला आणि तीही अर्धवट सोडून परत आला. त्याच वर्षी त्याने मठाच्या बागेत वाटाण्यांवरचे प्रयोग सुरू केले. ते १८६३ पर्यंत चालले. १८६५ मध्ये त्याने ते ब्रनोच्या विज्ञान मंडळापुढे मांडले, १८६६ मध्ये छापले आणि १९०० पर्यंत त्यांची फारशी दखल कोणी घेतली नाही. आनुवंशशास्त्राचा पाया घालणारा माणूस सरकारदरबारी शेवटपर्यंत अपात्र शिक्षकच राहिला.

'परीक्षा निरर्थक असतात' असा निष्कर्ष यातून काढू नका. त्या परीक्षकांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. परिभाषा नसेल तर दोन शास्त्रज्ञांना एकमेकांशी बोलता येत नाही. मला यातून एक प्रश्न तेवढा उचलायचा आहे: जीवशास्त्राच्या परीक्षेत नावं विचारायची की विचार? ऑलिंपियाडचा सगळा इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो.

गणित आधी, जीवशास्त्र शेवटी

शाळकरी मुलांसाठी 'ऑलिंपियाड' या नावाची स्पर्धा रुजली ती सोव्हिएत संघात. १९३४ मध्ये लेनिनग्राडला गणिताची, पुढच्या वर्षी मॉस्कोला. आंतरराष्ट्रीय पातळीवर पहिलं आलं तेही गणित, १९५९ मध्ये, रुमेनियात. मग १९६७ मध्ये वॉर्सॉला भौतिकशास्त्र, १९६८ मध्ये प्रागला रसायनशास्त्र. १९८९ मध्ये बल्गेरियात संगणकशास्त्रसुद्धा आलं. जीवशास्त्र आलं १९९० मध्ये. म्हणजे गणितानंतर ३१ वर्षांनी, आणि काल जन्मलेल्या संगणकाच्याही मागून.

असं का? एक कारण सरळ आहे. त्रिकोण सगळीकडे सारखाच असतो. बुडापेस्टच्या मुलाला दिलेलं गणित मुंबईच्या मुलीला जसंच्या तसं देता येतं. झाडांचं तसं नाही. पोलंडच्या मुलाला बर्च माहीत असतो, आपल्याकडच्या मुलाला पळस. दोघांना एकच पेपर द्यायचा तर त्यात कोणतं झाड घालणार?

दुसरं कारण राजकारणाचं आहे, आणि ते जास्त गंभीर आहे.

ऑगस्ट १९४८ मध्ये मॉस्कोत कृषी अकादमीचं अधिवेशन भरलं. ट्रोफिम लायसेन्को यांनी तिथे जाहीर केलं की मेंडेलचं आनुवंशशास्त्र हे भांडवलशाहीचं थोतांड आहे. पक्षाचा पाठिंबा त्यांना होता. प्रयोगशाळा बंद झाल्या, लोकांच्या नोकऱ्या गेल्या. निकोलाय वाविलोव्ह तर त्याआधीच, १९४३ मध्ये, सारातोव्हच्या तुरुंगात मरण पावले होते. जगभर हिंडून पिकांच्या बियाण्यांचा संग्रह करणारा हा माणूस तुरुंगातल्या उपासमारीने गेला. शाळेच्या पुस्तकातूनही मेंडेल बाहेर पडला.

आणि याच काळात, १९५० मध्ये, मॉस्को विद्यापीठाने शाळकरी मुलांसाठी जीवशास्त्र ऑलिंपियाड सुरू केलं. त्याच १९५० मध्ये तिकडे ब्रनोतला मेंडेलचा मठ कम्युनिस्ट सरकारने बंद केला आणि चौकातला त्याचा पुतळा हलवून मठाच्या बागेत नेऊन ठेवला.

आता विचार करा. सत्तेला न चालणारं उत्तर दिल्यामुळे माणसं उठवली जात असतील, तर जीवशास्त्राच्या स्पर्धेत मुलांना विचारणार काय? गुणसूत्रांबद्दल विचारता येत नाही. वनस्पती ओळखणं, प्राण्यांची रचना, निसर्गातलं निरीक्षण, हे सुरक्षित असतं. पानाला पक्षाची हरकत नसते. (हशा)

पण हसण्यावारी नेऊ नका. त्या पिढीतली मुलं जंगलात हिंडून वनस्पती ओळखायला शिकली. ते खरं शिक्षण होतं. त्यांच्या विषयाचा मधला खांबच काढून घेतलेला होता, एवढंच.

१९६४ मध्ये ख्रुश्चेव्ह गेले आणि त्यांच्यामागोमाग लायसेन्कोंची सद्दी संपली. १९६५ मध्ये मेंडेलच्या व्याख्यानांना शंभर वर्षं झाली म्हणून ब्रनोला जगभरचे शास्त्रज्ञ जमले. मेंडेल त्याच्या गावात पुन्हा सन्मानाने परतला. आणि १९६६-६७ च्या शैक्षणिक वर्षात चेकोस्लोव्हाकियाचं राष्ट्रीय जीवशास्त्र ऑलिंपियाड सुरू झालं. या दोन घटनांमध्ये थेट धागा होता असं मी म्हणत नाही. पण हवा बदलली होती, हे नक्की.

ओलोमौत्स, जुलै १९९०

१९८५ पासून पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया हे दोन शेजारी आपापल्या ऑलिंपियाडमधल्या मुलांची आपसात स्पर्धा घेऊ लागले. दोघांचं हवामान सारखं, झाडंझुडपं बरीचशी सारखी. म्हणजे बर्च आणि पळसाची अडचण इथे नव्हती. म्हणूनच सुरुवात इथून होऊ शकली.

मग १९८९ मध्ये सहा देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय स्पर्धा करायचं ठरवलं: चेकोस्लोव्हाकिया, पोलंड, सोव्हिएत संघ, पूर्व जर्मनी, बल्गेरिया आणि बेल्जियम. पाच देश त्या गोटातले आणि बेल्जियम एकटा पलीकडचा. पहिली स्पर्धा जुलै १९९० मध्ये ओलोमौत्स शहरात झाली.

हे ओलोमौत्स कोणतं? १८४० ते १८४३ या काळात मेंडेल नावाचा एक गरीब शेतकऱ्याचा मुलगा जिथे तत्त्वज्ञान आणि भौतिकशास्त्र शिकला, तेच हे गाव. त्याच्याकडे पैसे नव्हते. धाकट्या बहिणीने आपल्या हुंड्यातला वाटा दिला म्हणून त्याचं शिक्षण चाललं. परीक्षेत दोनदा अडखळलेल्या माणसाच्या गावात जीवशास्त्राची जागतिक परीक्षा सुरू झाली. इतिहासाला विनोदबुद्धी आहे, असं कधी कधी वाटतं.

दुसरीही एक गोष्ट बघा. स्पर्धा ठरली तेव्हा प्रागमध्ये कम्युनिस्ट राजवट होती. झाली तेव्हा व्हाक्लाव्ह हावेल राष्ट्राध्यक्ष होते. ऑक्टोबर १९९० मध्ये पूर्व जर्मनी नकाशावरून गेला. दुसरी स्पर्धा जुलै १९९१ मध्ये सोव्हिएत संघातल्या माखाचकला शहरात झाली. पुढच्याच महिन्यात मॉस्कोत बंडाचा प्रयत्न झाला आणि डिसेंबरात सोव्हिएत संघ संपला. तिसरी स्पर्धा १९९२ मध्ये पोप्रादला, चेकोस्लोव्हाकियात. वर्षाअखेर तोही देश दोन झाला. म्हणजे संस्थापक सहा देशांपैकी तीन पहिल्या तीन वर्षांत उरलेच नाहीत. स्पर्धा मात्र टिकली. १९९३ मध्ये ती नेदरलँड्सला गेली आणि १९९५ मध्ये बँकॉकला.

नावं मागे पडली

बँकॉकला गेल्यावर जुनी अडचण पुन्हा समोर आली. युरोपातली झाडं थायलंडच्या मुलांना कुठून ठाऊक असणार? मग पेपर कसा काढायचा?

यातून हळूहळू जो अभ्यासक्रम ठरला, त्यातली टक्केवारी बघण्यासारखी आहे. पेशीविज्ञान २० टक्के. वनस्पतींची रचना आणि कार्य १५. प्राण्यांची रचना आणि कार्य २५, त्यात माणूस आलाच. प्राण्यांचं वर्तन ५. आनुवंशशास्त्र आणि उत्क्रांती २०. परिसंस्था १०. आणि वर्गीकरण, म्हणजे कोण कुणाच्या कुळातला, हे फक्त ५ टक्के. मेंडेल ज्यात नापास झाला तो विषय ५ टक्क्यांवर आला आणि त्याने जन्माला घातलेला विषय २० टक्क्यांत गेला.

प्रश्नांची तऱ्हाही बदलली. आज तिथे साधारण असा प्रश्न येतो: एका प्रयोगाचा आलेख दिलेला असतो, सोबत थोडी माहिती आणि खाली चार विधानं. प्रत्येक विधान बरोबर की चूक ते ठरवायचं. ती जात तुम्ही जन्मात पाहिलेली नसते. अपेक्षाही तीच असते. सगळ्यांनाच अनोळखी असलेलं काहीतरी द्यायचं आणि कोण विचार करतो ते पाहायचं.

अर्धं वजन प्रात्यक्षिकाला. ब्लेडने देठाचा इतका पातळ काप घ्यायचा की सूक्ष्मदर्शकाखाली त्यातून प्रकाश आरपार जावा. तो रंगवायचा, चित्र काढायचं, वाहक ऊती कशा मांडल्यात त्यावरून निष्कर्ष काढायचा. एखाद्या अपृष्ठवंशी प्राण्याचं विच्छेदन. मायक्रोपिपेटने मायक्रोलिटरमध्ये द्रव मोजून घेणं. घड्याळ चालू असतं आणि हात थरथरत असतात. इथे पाठांतर कामाला येत नाही, हाताला सवय हवी.

आणखी एक व्यवस्था मला फार आवडते. पेपर इंग्रजीत तयार होतो. परीक्षेच्या आदल्या रात्री प्रत्येक देशाचे शिक्षक बसून तो आपल्या भाषेत उतरवतात. मुलं आणि शिक्षक एकमेकांना भेटू शकत नाहीत, मुलांचे फोन काढून घेतलेले असतात. पहाटेपर्यंत शब्दांवर खल चालतो. सकाळी जपानी मुलगी जपानीत पेपर सोडवते आणि हंगेरियन मुलगा हंगेरियनमध्ये. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पदकांचा हिशेब असा: वरच्या साधारण १० टक्क्यांना सुवर्ण, पुढच्या २० टक्क्यांना रौप्य, त्यापुढच्या ३० टक्क्यांना कांस्य. पहिला नंबर एकच, बाकी सगळे हरले, असं इथे नसतं.

मानखुर्दची वाट

आता आपल्याकडे येऊ. भारत गणिताच्या ऑलिंपियाडमध्ये १९८९ मध्ये उतरला. भौतिकशास्त्रात १९९८, रसायनशास्त्रात १९९९ आणि जीवशास्त्रात २०००. ती स्पर्धा तुर्कस्तानात, अंताल्याला होती. विज्ञानाच्या या सगळ्या तयारीचं केंद्र आहे मुंबईत, मानखुर्दला: होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र.

हे केंद्र १९७४ मध्ये सुरू झालं, आणि ऑलिंपियाडसाठी झालेलं नव्हतं. त्याच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं जळगाव जिल्ह्यात, खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांमध्ये. प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी एक साधा प्रश्न घेऊन गेले होते: गावातल्या मुलांना विज्ञान का अडतं? एक मोठं उत्तर भाषेत सापडलं. पुस्तकातलं मराठी त्या मुलांच्या मराठीपासून इतकं लांब होतं की विज्ञानाच्या आधी भाषेचीच भिंत लागायची. ती भाषा सोपी करून पाहण्याचं काम या मंडळींनी केलं. व्हिएन्नाच्या परीक्षकांनी जे व्यंग म्हणून लिहिलं होतं, म्हणजे बोलीतले शब्द, तिथूनच खिरोद्यात शिकवायला सुरुवात झाली असं म्हणता येईल.

त्याच केंद्राकडे पुढे ऑलिंपियाड आलं. पहिली पायरी देशभरची लेखी परीक्षा, ती भारतीय भौतिकशास्त्र शिक्षक संघटना घेते. दुसरी पायरी राष्ट्रीय ऑलिंपियाड. त्यातून निवडलेली काही मुलं मानखुर्दला शिबिराला येतात. तिथे लेखी परीक्षा असतात, पण मुख्य म्हणजे प्रयोगशाळा असते. शेवटी चार जणांचा संघ निवडायचा आणि निघण्याआधी त्याची पुन्हा तयारी करून घ्यायची.

आपल्या मुलांची खरी कसोटी प्रयोगशाळेत लागते, आणि त्याचं कारण आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडे प्रात्यक्षिक म्हणजे जर्नल. जर्नल वेळेवर पूर्ण, आकृत्या मागच्या वर्षीच्या मुलाच्या वहीवरून, खाली बाईंची सही. कांद्याच्या सालीतली पेशी कित्येकांनी आधी वहीत काढलेली असते, सूक्ष्मदर्शकातून पाहणं राहूनच जातं. अशा मुलाच्या हातात ब्लेड दिलं की पहिल्या दिवशी कापाच्या ऐवजी देठाची भाजी होते. शिबिराचं खरं काम या सवयी मोडण्याचं असतं.

२००८ मध्ये ही स्पर्धा मुंबईत झाली. ५० हून अधिक देश आले. आणि २०२३ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला भारताच्या चारही मुलांनी सुवर्णपदक मिळवलं. चारच्या चार सुवर्ण, हे आपल्याला पहिल्यांदाच जमलं.

दोन परीक्षा, एक मूल

इथपर्यंत छान वाटतं. आता अडचणीचं बोलू.

महाराष्ट्रात जीवशास्त्र घेणाऱ्या मुलासमोर दुसरी एक परीक्षा उभी असते, नीट. तिच्यात ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे. म्हणजे अर्धं भवितव्य. त्यासाठी एनसीईआरटीचं पुस्तक ओळ न् ओळ पाठ करायचं, असा सल्ला लातूरपासून कोट्यापर्यंत दिला जातो, आणि त्या परीक्षेपुरता तो खोटाही नाही. तीन तासांत १८० प्रश्न. प्रत्येकाला एक मिनिट. एका मिनिटात आठवता येतं, विचार करता येत नाही. लाखो मुलांमधून निवड करायची तर अशी परीक्षा का घेतात, हे मी समजू शकतो. पण तिने जीवशास्त्राला पुन्हा नावांकडे ढकललं आहे.

मग ऑलिंपियाड हे उत्तर आहे का? अर्धंच. कारण तिथे विचार आला, पण दोन गोष्टी सुटल्या.

पहिली, आपला परिसर. चेक राष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये आजही मुलांना आपल्या भागातल्या वनस्पती आणि प्राणी ओळखावे लागतात. आंतरराष्ट्रीय पेपरला ते परवडत नाही, हे आपण पाहिलं. पण आपण राष्ट्रीय पातळीवर थेट आंतरराष्ट्रीय पेपराचीच तयारी करतो. त्यामुळे जीन नियंत्रणावर बोलणारं हुशार मूल दाराबाहेरच्या टाकळ्याला ओळखत नाही, असं होऊ शकतं.

दुसरी, भाषा. जपानी मुलगी जपानीत लिहिते. आपल्याकडे दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलगी अकरावीला विज्ञान घेते आणि एका उन्हाळ्यात तिची सगळी परिभाषा बदलते. पेशीचं सेल होतं, प्रकाशसंश्लेषणाचं फोटोसिंथेसिस होतं. आणि नेमक्या त्याच वर्षी ऑलिंपियाडची पहिली पायरी असते. ती मुलगी विचारात कमी पडते की शब्दांत, हे त्या पेपरवरून कळत नाही. व्हिएन्नाच्या परीक्षकांनाही कळलं नव्हतं.

एक उदाहरण देतो. टाकळ्याची पानं संध्याकाळी मिटतात, हे गावाकडच्या कुठल्याही मुलाला ठाऊक असतं. आता विचारा: अंधारामुळे मिटतात की संध्याकाळ झाल्यामुळे? झाड दिवसभर अंधारात ठेवलं तर काय होईल? १७२९ मध्ये फ्रान्समध्ये द मेराँ नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने पानं मिटणारं झाड काळोखात ठेवून पाहिलं. पानं आपल्या वेळेला उघडत आणि मिटत राहिली. सजीवांच्या आतल्या घड्याळाचा अभ्यास तिथून सुरू झाला. हा प्रश्न कुठल्याही ऑलिंपियाडला शोभेल. आणि तो विचारायला लागलं काय? एक टाकळा, एक पेटी आणि 'मिटणं' हा मराठी शब्द.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: आमची मुलगी आठवीत आहे. तिला तयारी कशी करून द्यावी?

आठवीत 'तयारी' हा शब्द नको. पावसाळ्यात घराभोवती उगवणाऱ्या वीस वनस्पतींची तिला वही करू द्या. नाव मराठीत चालेल, शास्त्रीय नाव नंतर शोधता येतं. शक्य असेल तर एखादा साधा सूक्ष्मदर्शक बघायला मिळेल अशी सोय करा. मुंबईच्या विज्ञान शिक्षक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा मराठीतही देता येते आणि तिच्यात प्रात्यक्षिक असतं, म्हणून ती मला चांगली पायरी वाटते. अकरावीत गेल्यावर कॅम्पबेलचं जाडजूड पुस्तक आणि जुने पेपर आहेतच. ते कुठे पळून जात नाहीत.

प्रश्न: पण ऑलिंपियाडने डॉक्टर होता येतं का?

नाही. पदक मिळालं तरी मेडिकलच्या प्रवेशाला नीट द्यावीच लागते. अलीकडे काही आयआयटींनी ऑलिंपियाडच्या आधारे थोड्या जागा ठेवायला सुरुवात केली आहे, पण तो वेगळा रस्ता. आणि बहुतेक मुलं पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवरच बाहेर पडतात, हेही आधीच सांगून ठेवा. बाहेर पडलं तर घरी येऊन रडू द्या, आणि दुसऱ्या दिवशी तिला मेंडेलची गोष्ट सांगा. शोध लागला म्हणून नव्हे. परीक्षेहून परत आल्यावर तो बागेत गेला आणि वाटाणे मोजत बसला, एवढ्यासाठी.

वेळ संपली आहे.